शेवंताचं तिसरं

"नियम तर चांगल्यासाठीच होता ना, बुवा?" वाल्मीकने विचारलं.

भिवगिरी बुवा नदीकाठच्या देवळाच्या पायरीवर बसले होते. पुढ्यात शेवंताच्या दहाव्याचा पिंड. कावळे बाभळीवर नुसतेच बसून होते. एकही खाली उतरत नव्हता.

शेवंता ही वाल्मीकची थोरली बहीण, गावची सरपंच. पदरात दोन मुली, आणि तिसऱ्यांदा दिवस राहिले. तिसरं मूल झालं की पद जातं, असा कायदा. ती म्हणत होती, जाऊ दे पद. वाल्मीक ऐकेना. शेजारच्या गावातल्या एका बाईकडून त्यानेच औषध आणलं. गर्भ गेला... मागोमाग शेवंताही गेली.

सकाळपासून जो तो पिंडापुढे शब्द देत होता. मेहुण्याने पोरींना शिकवायचं कबूल केलं. वाल्मीकने तर पद घरातच ठेवतो, पोटनिवडणुकीला बायको उभी करतो, म्हणून सांगितलं. तसे जवळचे दोन कावळे उडून पार पलीकडच्या काठाला गेले.

"गप रे," चुलता म्हणाला. "होते तेही घालवलेस."

म्हणून वाल्मीक बुवांकडे आला होता.

"उद्या कचेरीच पेटवतो," तो म्हणाला. "कुणाला किती पोरं व्हावीत, हे ठरवणारे ते कोण?"

"पंचायतीतल्या सोपानला तिसरं झालं, तेव्हा त्याची मेंबरकी कुणी घालवली?"

"मी. पण तो विरोधातला होता, बुवा."



"पोरं बेताचीच असावीत," बुवा म्हणाले. "ते काही खोटं नाही."

"मग चुकलं कुणाचं?"

बुवांनी पातेल्यात उरलेला भात चिमटीत घेतला. बोराएवढा गोळा वळला आणि शेवंताच्या पिंडाला लागून ठेवला. मग तिळाची वाटी वाल्मीकपुढे सरकवली.

वाल्मीकचा हात पुढे झाला... आणि थांबला.

"जे जन्मलंच नाही, त्याला पिंड नसतो, बुवा. तसा नियम आहे."

"नियम सांगणारे पुष्कळ आहेत, वाल्मीका. याला मामा एकच होता."