पातळ बर्फावरचा थवा

मुलांनो, पार दक्षिणेला, जिथे समुद्रसुद्धा गोठून टणक होतो, तिथे पेंग्विनांचा एक मोठा थवा राहत असे. त्यांची एक रीत होती. वारा सुटला की पिल्लांना मधोमध घ्यायचे आणि सगळ्यांनी अंगाला अंग लावून घट्ट उभे राहायचे. या रीतीने कितीतरी वादळे परतवली होती. त्यामुळे संकट कोणतेही असो, थव्याला एवढा एकच उपाय ठाऊक होता.

पण हवा वर्षागणिक तापत चालली होती आणि त्या वर्षी तर हिवाळा नावालाच आला. थव्यातल्या एका आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या पिल्लाच्या अंगावर अजून मऊ लव होती. ती झडून खरी पिसे येईपर्यंत पिल्लाला पोहता येत नाही, पाण्यात पडले की ते बुडालेच. आणि इकडे पायाखालचा बर्फ रोज कुरकुरत होता. ती दोन पावले जाई, कान देऊन ऐके, परत येई. शेवटी तिने थव्यातल्या म्हाताऱ्याला गाठले. "आजोबा, बर्फ पातळ झालाय. पिल्लांना पिसं फुटेपर्यंत काही टिकायचा नाही. चला, जमिनीवर जाऊ."

"अगं, तिथला वारा सोसेल का लेकरांना? माझे पणजोबासुद्धा इथेच वाढले," म्हातारा म्हणाला. "तुझ्याच पायाला भिंगरी लागलीय. उभी राहा गुपचूप." बाकीचे हसले. बिचारी ओशाळली, पण तिला काही केल्या चैन पडेना.

दुसऱ्याच दिवशी बर्फाला लांबलचक तडा गेला. झाले, घाबरलेला थवा रीतीप्रमाणे धावत एका जागी गोळा झाला आणि त्या भाराने तिथलाच बर्फ खचू लागला. "पांगा, जमिनीकडे पळा!" आई ओरडली आणि पिल्लाला चोचीने ढकलत गर्दीबाहेर पडली. पुष्कळजण तिच्यामागे निघाले. म्हातारा मात्र नातवाला पोटाशी दाबून तिथेच उभा राहिला. "हलू नका, जवळ या," एवढेच तो म्हणत होता.

संध्याकाळी तो पोहत पोहत एकटाच किनाऱ्याला लागला. आईसमोर येऊन म्हणाला, "मी त्याला शेवटपर्यंत घट्ट धरलं होतं गं."

तात्पर्य : संकट नवे असताना जुनाच उपाय कवटाळून बसू नये, थोरांच्या हट्टाची किंमत लेकरांना मोजावी लागते.