शिदू कुंभार मुलगी बघायला जातो

एका गावात एक भोळा कुंभार राहत होता, नाव शिदू. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

तीन ठिकाणच्या मुली त्याला नाही म्हणाल्या होत्या. चौथी होती खिंडीपलीकडच्या केरबा कुंभाराची सगुणा. निघताना आई म्हणाली, "बाबा रे, एकटीनं माती तुडवून पाय मोडले माझे. या खेपेला सून ठरवूनच ये. आणि मडकं काय, माणूस काय, नीट पारखून घ्यावं."

"बरं," शिदू म्हणाला.

बरोबर रावजीमामा होते. खिंडीत मामा मागे राहिले, म्हणून शिदूनं हाक मारली, "कुठं आहात?"

डोंगरातून आवाज आला, "कुठं आहात?"

"मी इथं आहे!"

"मी इथं आहे!"

"खोटं बोलतोस!" शिदूनं धोंडा उचलला. डोंगरानंही त्याला खोटारडं ठरवलं.

मामा धापा टाकत आले. "टाक तो धोंडा! अरे, तो तुझाच आवाज. कड्याला आपटून माघारी येतो. आपलेच शब्द परत आले तर भुलायचं नाही. मुकाट पुढं चालायचं."

"बरं," शिदू म्हणाला.

पुढं नदी लागली. पार पलीकडच्या काठावर एक परीट कपडे आपटत होता. कपडा दगडावर पडे, आणि तो पुन्हा वर उचलला की मग 'धप्प' ऐकू येई.

"मामा, त्याचा दगड बिघडलाय."

"दगड नाही रे बिघडला. लांबचा आवाज चालत येतो, त्याला वेळ लागतो. आधी दिसतं, मग ऐकू येतं. जरा धीर धरावा माणसानं."

"बरं," शिदू म्हणाला.

केरबाच्या ओसरीवर दोघं बसले. केरबानं विचारलं, "पाहुणं, चाक किती वर्षं फिरवताय?"

शिदू त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. केरबानं पुन्हा विचारलं. शिदूनं कान पुढं केला.

मामांनी कोपरखळी मारली. "बोल की लेका!"

"थांबा मामा. ओठ हललेले दिसले. आवाज यायचाय अजून."

"पण ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. तो आधीचा असेल कुठला तरी."

केरबाच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात सगुणा पोह्यांची ताटली घेऊन आली. शिदूला आईचं बोलणं आठवलं. तो उठला, बोट वाकवलं, आणि सगुणाच्या डोक्यावर मडक्यावर मारावी तशी टिचकी मारली. टक्! मग कान लावला.

मामांनी उपरण्यात तोंड लपवलं. केरबा काठी शोधू लागला. पण सगुणाला असं हसू फुटलं की ओसरी दणाणली.

"खणखणीत!" शिदू हरखून म्हणाला. "मामा, कुठंही तडा नाही!"

कुंभाराचीच लेक ती. जन्मात कुणी केलं नसेल एवढं कौतुक झालंय, हे तिला बरोबर कळलं. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती आत पळाली. तिचा कल बघून केरबानं काठी खाली ठेवली.

"काय म्हणणं आहे पाहुण्यांचं? सांगा एकदाचं."

शिदू उभा राहिला. आवाजाला पोचायला वेळ लागतो, म्हणून छातीभर दम घेऊन ओरडला, "मला पसंत आहे!"

चुलीपाशून लाजरा आवाज आला, "मला पसंत आहे!"

केरबा हसत गूळ आणायला उठला. मामांनी देवाला हात जोडले.

शिदूचा चेहरा मात्र उतरला. त्यानं मुकाट वहाणा घातल्या आणि खिंडीची वाट धरली.

मामा धोतर सावरत मागं धावले. "अरे गाढवा, माघारी फिर! पोरगी हो म्हणाली!"

शिदू थांबला. त्याला मामांची फार दया आली. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका मामा. सकाळी मीसुद्धा असाच फसलो होतो."