शांत संगणकातला पंखा

यंत्रांचे सुटे भाग एकमेकांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. आजारी वडिलांना आवाज सोसत नसे, म्हणून मृण्मयीने त्यांच्यासाठी स्वतः संगणक जुळवला आणि पेटीच्या झरोक्यांना आतून जाड फोम चिकटवला.

“पेटीबाई, बाहेरची हवाच येत नाही,” पंखा म्हणाला. “प्रोसेसर भाजतो आहे. मला जोरात फिरू द्या.”

“म्हणजे घरघरशील. आपल्याला इथे शांततेसाठी आणलंय. जरा सोसायला शीक.”

आपणच उतावळे असू, असे पंख्याला वाटले. तो हळूच फिरत राहिला. त्याच्यादेखत प्रोसेसर जळाला आणि संगणक बंद पडला.

शेजारी पडलेले वडील डोळे न उघडता म्हणाले, “गुणी यंत्र केलंस गं. त्याची काही तक्रारच नाही.”