सरपंचांच्या गाडीला लागलेली नजर

सरपंच दादासाहेब रणनवरे जन्माचे संशयी. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून अमावास्येला त्यांनी आपल्या जुन्या मोटारसायकलच्या हँडलखाली तारेत ओवलेलं लिंबू-मिरची आवळून बांधलं. दुसऱ्याच दिवसापासून गाडी गोदाक्काच्या चहाच्या टपरीसमोर उजवीकडं वळताना बंद पडू लागली. प्लग बदलला, कॉइल बदलली, तरी गाडी तिथंच बंद पडायची.

"ही बाईच नजर लावते. टपरी उचला हिची!" सरपंचांनी भर चौकात फर्मावलं.

गोदाक्का पदराला हात पुसत पुढं आली. "माझे डोळे बांधा आणि गाडी देवळामागच्या मैदानात न्या. तिथं बंद पडली नाही, तर टपरी मीच उचलते."

लोकांनी तिचे डोळे बांधले. मैदानात सरपंचांनी गाडी डावीकडं वळवली, ती चालू राहिली. उजवीकडं वळवली, तशी गपकन बंद पडली.

गोदाक्कानं पट्टी सोडली आणि हँडलखाली बोट दाखवलं. लिंबाची तार स्विचच्या वायरीत रुतून तिचं वरचं प्लॅस्टिक कापलं गेलं होतं. हँडल उजवीकडं वळलं की उघडं तांबं लोखंडाला टेकायचं आणि प्लगची ठिणगी मरायची.

"माझी नजर गाडीवर नव्हतीच, दादासाहेब," ती म्हणाली. "तुम्हीच रोज वळताना माझ्याकडं बघत होता. एकदा तरी हँडलखाली बघायचं होतं."