चेअरमनची अंगठी आणि साठ टनी काटा

साखर कारखान्याच्या चेअरमनना सगळं मोठंच लागायचं. ऐंशी अँपिअर ओढणाऱ्या पंपाचा प्रवाह मोजायला त्यांनी मागणीपत्रात १००० अँपिअरचा करंट ट्रान्स्फॉर्मर लिहिला. संचालकांनी नेहमीसारख्या माना डोलावल्या.

"साहेब, १०० चा पुरे," इंजिनिअर सुलभा खिलारे म्हणाल्या. "एवढ्या मोठ्याला जादा भार कळणारच नाही. पंप जळेल, शेजारचा माणूस भाजेल."

"मोठ्यात लहान मावतंच, बाई! पटत नसेल तर उद्यापासून घरी बसा."

सुलभाबाईंनी त्यांची जाडजूड अंगठी मागून घेतली, सगळ्यांना आवारात नेलं आणि ती उसाचे ट्रक तोलणाऱ्या काट्यावर ठेवली. पडद्यावर शून्य.

"साठ टनांचा काटा आहे, साहेब. त्याच्या मते तुमच्या बोटात काहीच नव्हतं."

चेअरमननी पेन काढलं आणि मागणीपत्रातलं एक शून्य खोडलं.