हैबतीचं नाव

घाटाखालच्या एका गावात दोन तांबट भाऊ राहायचे. थोरला हैबती, धाकटा अंबाजी. दोघांनी मिळून तांब्याची भांडी घडवायची आणि बाजाराला नेऊन विकायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. हैबती भारी बडबड्या. ठोके घालता घालता गोष्टी सांगायचा, गिऱ्हाइकांची थट्टा करायचा. अंबाजी अबोल. त्याच्या वाटचंही हैबतीच बोलून घ्यायचा.

एका उन्हाळ्यात हैबतीला ताप भरला. वैद्याचे काढे झाले, नवससायास झाले. ताप काही उतरला नाही. हैबती गेला. मागे म्हातारी आई, बायको सगुणा आणि नुकती नीट बोलायला लागलेली पोर चिमा राहिली.

तेरावा उरकला आणि अंबाजी जो उठला तो बसलाच नाही. उजाडायच्या आत भट्टी पेटवायचा. भर दुपारी सगळे आडवे झाले तरी याची ठोकाठोक चालूच. भांडी संपली की विहिरीचा कठडा सारखा कर, शेजाऱ्याचं छप्पर शाकार, देवळाची निखळलेली पायरी बसव. काहीच नसलं तर खांद्यावर रिकामं पोतं टाकून नदीपर्यंत जायचा आणि तसाच परत यायचा. जेवायचा तेही उभ्याउभ्या, जसं काही दारात कुणी ताटकळत थांबलंय.

गावातले लोक म्हणायचे, "अंबाजी मोठा खंबीर. भाऊ गेला, पण घर कसं सावरलं बघा!"

अंबाजीला आतलं ठाऊक होतं. हात थांबले की हैबतीचा आवाज कानात यायचा, आणि तो त्याला सोसवत नव्हता. म्हणून त्यानं घरात नियमच करून टाकला. हैबतीचा विषय काढायचा नाही. खुंटीवरचं त्याचं पागोटं अंबाजीनं माळ्यावर टाकून दिलं. आई काही बोलायला लागली की म्हणायचा, "पुरे, आई. रडून तो परत येणार आहे का?"

आई गप्प झाली. सगुणा गप्प झाली. चिमा सुरुवातीला "बाबा कुठं आहेत?" असं विचारायची. पण तसं विचारलं की काका ताडकन उठून बाहेर जातो, हे तिच्या ध्यानात आलं. मग तिनंही विचारणं सोडलं.

असे कितीतरी महिने गेले. एके दिवशी सगुणा अंबाजीसमोर येऊन उभी राहिली.

"भावोजी, उद्या गाडी बोलावलीय. चिमाला घेऊन माहेरी जाते. परत येईन असं नाही सांगत."

अंबाजी चमकला. "का वहिनी? काही कमी पडलं का?"

"कमी काही नाही. तुम्ही आमच्यासाठी राबराब राबता. पण बायकोनं धन्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. तुम्ही आणि सासूबाई तरी घ्याल, ते माझ्या कानावर पडेल, एवढीच आस होती. या घरात दिवसभर भांड्यांचा आवाज असतो. त्यांचं नाव तेवढं ऐकू येत नाही."

 अंबाजी नेहमीसारखा उठला. "मला बाजाराला निघायचंय," एवढं पुटपुटला आणि अंगणात जाऊन हंडे-घागरी दोरीनं बांधायला लागला. गाठ बसेना. बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा.

तेवढ्यात बांगड्या भरणारी कासारीण आली. परगावची होती, या गावात नव्यानंच फिरू लागली होती. नात आजोळी जाणार, तिचे हात मोकळे नकोत म्हणून म्हातारीनं कासारणीला निरोप धाडला होता. चिमाचा हात हातात घेऊन बांगडी चढवता चढवता कासारणीनं सहज विचारलं, "कुणाची गं तू? तुझ्या बाबांचं नाव काय?"

चिमानं काकाकडे चोरून पाहिलं. मग कासारणीच्या कानाशी लागून, पण अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आमच्या घरी ते नाव घ्यायचं नसतं."

कासारणीचा हात थांबला. "अगं बाई! असं काय केलं गं त्यानं? चोरीबिरी केली? की घर टाकून पळाला?"

"मला नाही माहीत," चिमा म्हणाली. "पण काहीतरी वाईटच केलं असेल."

अंबाजीच्या हातातली दोरी सुटली. घागरी गडगडत अंगणभर गेल्या.

"नाही!" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "हैबती! हैबती नाव त्याचं! माझा दादा होता तो. जन्मात कुणाचा खिळासुद्धा उचलला नाही त्यानं. तापानं गेला गं माझा दादा!"

 तो तिथंच, धुळीत, मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. आई लगबगीनं बाहेर आली. पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रड, अंबू. मी कधीची वाट बघतेय."

कासारीण ओशाळली. "चुकलं माझं, दादा," ती म्हणाली. पण तिनं टोपली उचलली नाही. थोड्या वेळानं हलकेच विचारलं, "कसा होता हो तो?"

अंबाजीनं डोळे पुसले. "बोलका होता. फार बोलका. स्वतःच्या लग्नात मामाला कसलीशी गोष्ट सांगत बसला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला, तरी हा मामाकडेच तोंड करून. शेवटी आम्ही खांद्याला धरून त्याला नवरीकडे वळवला."

दाराआड सगुणा उभी होती. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. "आणि हार घालताना मला म्हणाले, थांब जरा, गोष्ट संपू दे!"

चिमा काकाच्या मांडीवर चढून बसली. "मग? मग काय झालं?"

त्या दिवशी अंबाजी बाजाराला गेला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी आली. सगुणा माहेरी गेली, तिथं आपल्या आईच्या गळ्यात पडून मोकळी झाली, आणि आपणहून परत आली.

दुःख काही संपलं नाही. अंबाजीच्या जिवाची अजूनही मधूनच तगमग व्हायची. भरल्या ताटावरून उठून तो गावाबाहेर एक फेरी मारून यायचा. पण आला की ओट्यावर टेकायचा, चिमाला जवळ ओढायचा आणि म्हणायचा, "तुझा बाप हैबती, त्यानं एकदा काय केलं ठाऊक आहे?"

तात्पर्य: दुःखापासून पळत सुटलं तर दुःख मागे पडत नाही, गेलेलं माणूस तेवढं मागे पडतं. त्याचं नाव घ्यावं, आपल्या माणसांत बसून त्याच्यासाठी रडावं. त्यानंच दुःख सोसण्याजोगं होतं.