पाहुणपट्टीची माती

एक होती मथुराक्का. थांबा, आधी गोधडी नीट ओढा. कुणाचे पाय बाहेर आहेत ते मला दिसतंय. हां, आता ऐका.

तर या मथुराक्काचा कुणावर म्हणजे कुणावर विश्वास नव्हता, बरं का. दूधवाल्याने दूध घातलं की आधी बोट बुडवून बघायची. शेजारणीने हळदीकुंकवाला बोलावलं की हिच्या मनात पाल चुकचुकलीच, आजच कशी माझी आठवण झाली? देवाला हात जोडायची, तेव्हाही एक डोळा चपलांवर. आणि तिची सगळ्यात मोठी भीती कसली? तर उंबऱ्यातल्या मातीची. तेव्हा लोक म्हणायचे ना, की आपल्या उंबऱ्यातली माती दुसऱ्याच्या हाती लागली की घरावर करणी करता येते. म्हणून मथुराक्का गावाला निघाली की आधी उंबरा झाडायची, ती माती पुडीत बांधायची आणि कनवटीला खोचूनच घराबाहेर पडायची. मागे कुणाला चिमूटभरसुद्धा मिळायला नको!

आणि अशा बाईची एकुलती एक लेक, चंपा, दिली कुठे? तर भर समुद्रात, डोलबेटावर.

डोलबेट काय सुंदर होतं म्हणून सांगू! पांढरी वाळू, निळे निळे पक्षी, आणि भरती आली की अख्खं बेट हळूहळू डोलायचं. ते बघायला कुठून कुठून लोक यायचे. पण बेटावर पाय ठेवायचा, तर आधी पाहुणपट्टी द्यावी लागे. पैसा नको, सोनं नको. आपल्या उंबऱ्यातली ओंजळभर माती द्यायची. किनाऱ्यावर तांडेलबाबा नावाचा म्हातारा बसलेला असायचा. तो माती घ्यायचा, हुंगायचा आणि हसून म्हणायचा, "या."

मथुराक्का पहिल्यांदा लेकीकडे गेली तेव्हा हे ऐकून तिच्या काळजात धस्सच झालं. नेमकी उंबऱ्यातलीच माती यांना कशाला हवी गं बाई? किनाऱ्यावर न्यायला आलेली चंपा म्हणाली, "आई, समुद्र रोज बेट कुरतडतो. पाहुण्यांच्या मातीनेच ते टिकतं." मथुराक्का मनात म्हणाली, झालं, पोरीलाही पढवून ठेवलंय यांनी! कनवटीची पुडी तिने घट्ट दाबली आणि चपलांना लागलेली वाटेवरची धूळ झटकून म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली. म्हाताऱ्याने हुंगली. "या" काही म्हणाला नाही, नुसता बाजूला सरकला. हुंगतो काय मेला, मांत्रिकच दिसतोय, असं पुटपुटत ती पुढे गेली.

मग चंपाला दिवस गेले. मथुराक्का डोहाळजेवणाला गेली. या खेपेला चुलीतली राख दिली. म्हातारा पुन्हा गप्प. चंपाच्या घरी बघते तर अंगण एवढंसं झालेलं! मथुराक्का लगेच जावयाकडे रोखून बघायला लागली. यानेच शेजाऱ्याला विकलं असणार, दुसरं काय?

मग पावसाळा आला, होड्या बंद झाल्या, आणि चंपाचं बाळंतपण बेटावरच झालं. मुलगी झाली. होड्या सुरू झाल्या तशी मथुराक्का बारशाला निघाली. या खेपेला तिने दिली वाळू. तीही इकडच्या किनाऱ्यावर होडीत चढता चढता उचललेली! म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला आणि तोंड फिरवलं.

चंपाच्या घरी आली तर अंगणाचा पत्ताच नाही. लाटा पायरीला लागलेल्या. पाळणा सजलेला, बायका जमलेल्या, आणि तेवढ्यात भरती चढायला लागली. जमिनीतून बुडबुड पाणी वर आलं. खांब करकरला, घर एका बाजूला कललं. चंपाने बाळाला उचलून छातीशी धरलं.

मथुराक्का ओरडली, "करणी! माझ्या लेकीच्या घरावर करणी केली कुणीतरी! मेल्या म्हाताऱ्या, तूच!"

तांडेलबाबा पाण्यातून चालत आला. म्हणाला, "अक्का, जो पाहुणा ज्या घरी उतरतो, त्याची माती आम्ही त्याच घराभोवती घालतो. बाकीची घरं बघ."

मथुराक्काने पाहिलं. शेजारच्या अंगणात लाल माती होती, पलीकडे काळी. सगळी घरं कशी खणखणीत उभी. आणि चंपाने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "आई, खरं सांग, तू कुठली माती देत होतीस गं?"

मथुराक्काचा हात कनवटीला गेला. पण सोडवेना हो पुडी! हे सगळे मिळून मला फसवत असतील तर? दिली माती आणि केलं काही वाईट तर? तेवढ्यात लाट घरात शिरली आणि बाळाच्या दुपट्याचं टोक भिजलं. बाळ दचकून रडलं.

मग मात्र तिने गाठ सोडली नाही, पुडीच फाडली! रडत रडत सगळी माती म्हाताऱ्याच्या ओंजळीत ओतली आणि म्हणाली, "घे बाबा. माझं सगळं घर आहे यात. पण माझी नात वाचव."

म्हाताऱ्याने माती हुंगली आणि दारात टाकली. आणि काय सांगू, पाणी सळसळत मागे गेलं! आधी पायरी वर आली, मग अंगण, मग अंगणाच्या कडेला मथुराक्काच्या परसात फुलायची तशीच अबोली. चंपाने एक फूल हुंगलं आणि आईच्या गळ्यात पडून खूप रडली. तिला माहेरचा वास आला होता.

तांडेलबाबा दारातून बाजूला झाला. मथुराक्काकडे बघून हसला आणि म्हणाला, "या, अक्का."

मग बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि सगळे सुखात राहिले. मथुराक्का दर खेपेला खरी माती द्यायला लागली. पण स्वभाव कुठे जातो? म्हातारा माती अंगणात पसरेपर्यंत कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहायची. चिमूटभर त्याच्या नखात तर राहिली नाही ना, तेही बघायची.

डोलबेट अजून डोलतंय. तुम्हीही डोला आता. मिटले ना डोळे? की मिटल्याचं सोंग? कोण हसलं ते? मी इथेच बसलेय हं, झोप लागल्याशिवाय हलायची नाही.